मुदतीची सनद

१३ सप्टेंबर १९६९, शनिवार. अलाबामातल्या टॅलाडेगाच्या नव्याकोऱ्या धावपट्टीवरून गाड्या ट्रेलरवर चढवून एकेक संघ घराकडे निघाला होता. मोठी शर्यत दुसऱ्या दिवशी होती. धावपट्टी २.६६ मैल लांबीची, वळणांवर ३३ अंशांची चढण. सरावात गाड्या ताशी २०० मैलांना, म्हणजे ३२० किलोमीटरना, भिडत होत्या आणि त्या वेगापुढे टायर टिकत नव्हते. थोड्या फेऱ्यांतच रबर फाटून उडत होतं. रिचर्ड पेटी हा त्या काळातला सर्वांत नावाजलेला ड्रायव्हर. महिन्याभरापूर्वीच ड्रायव्हरांनी आपली एक संघटना उभी केली होती आणि पेटीला तिचा अध्यक्ष केलं होतं. टायर सुरक्षित होईपर्यंत थांबा, असं या मंडळींचं म्हणणं होतं. धावपट्टीचा धनी बिल फ्रान्स थांबायला तयार नव्हता. साठीला टेकलेला हा सहा फूट पाच इंची माणूस स्वतः गाडीत बसला, ताशी सुमारे १७५ मैलांनी फेऱ्या मारून आला आणि धावपट्टीत काही खोट नाही असं त्याने सांगून टाकलं. पेटी निघाला. त्याच्यामागोमाग तीसहून अधिक ड्रायव्हर निघाले.

रविवारी शर्यत झालीच. शनिवारी तिथंच लहान गाड्यांची एक दुय्यम शर्यत होती. तिच्यातल्या ड्रायव्हरांना फ्रान्सने थांबवून घेतलं आणि मोठ्या शर्यतीत उतरवलं. ३६ गाड्यांची रांग भरली. ज्या प्रेक्षकांनी नामवंतांना पाहायला पैसे मोजले होते, त्यांना त्याच तिकिटावर पुढची एक शर्यत फुकट पाहण्याची मुभा मिळाली. डॉज चार्जर डेटोना घेऊन रिचर्ड ब्रिकहाउस जिंकला. वरच्या दर्जाच्या शर्यतीतला त्याच्या आयुष्यातला तो एकमेव विजय.

थांबलेल्यांत नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमचा तेवीस वर्षांचा रिचर्ड चिल्ड्रेस होता. लहानपणी गावच्या बोमन ग्रे स्टेडियमवर शेंगदाणे नि पॉपकॉर्न विकता विकता त्याला गाड्यांचं वेड लागलं होतं. टॅलाडेगाला त्याच्यापाशी एक कॅमॅरो गाडी होती आणि फारसं काही नव्हतं. त्या दोन दिवसांत त्याने एकरकमी इतके पैसे पाहिले की त्यातूनच आपला धंदा उभा राहिला, असं तो पुढे अनेकदा सांगत आला. संप फोडणाऱ्यांत हा पोरगा होता आणि फ्रान्सच्या शब्दावर थांबल्याचं फळ त्याला मिळालं. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावं. छप्पन्न वर्षांनी तो पुन्हा समोर येणार आहे.

स्टॉक कार म्हणजे दुकानाच्या साठ्यातली गाडी. ड्रायव्हर, मालक, मेकॅनिक यांनी ती आपल्या हातांनी तयार करून शर्यतीला आणायची, हे या खेळाचं मूळ रूप. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात हातभट्टीची दारू रात्री शहरांत पोचवणारी पोरं होती. बाहेरून साधी दिसणारी, आतून मात्र पोलिसांना गुंगारा देईल अशी गाडी बनवण्यात ती तरबेज होती. कुणाची गाडी जास्त पळते यावरून पैजा लागल्या, पैजांतून मातीच्या धावपट्ट्या निघाल्या, आणि तिकिटं विकून पैसे घेऊन रातोरात पसार होणारे आयोजकही निघाले. ड्रायव्हर बक्षिसाची वाट पाहत उभा असायचा आणि आयोजक गावाबाहेर गेलेला असायचा.

या बजबजपुरीला शिस्त लावावी म्हणून १४ डिसेंबर १९४७ रोजी फ्लोरिडातल्या डेटोना बीचवर स्ट्रीमलाइन हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या बारमध्ये सुमारे पस्तीस माणसं जमली. आयोजक होते, ड्रायव्हर होते, मेकॅनिक होते. बैठक बोलावणारा बिल फ्रान्स. हा मूळचा मेकॅनिक, मंदीच्या काळात बायको-मुलासह डेटोनाला येऊन स्थायिक झालेला. बैठक काही दिवस चालली. नाव ठरलं नॅसकार. त्याच्या पूर्ण रूपात 'असोसिएशन' असा शब्द आहे, म्हणजे संघटना. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी कागदपत्रं झाली तेव्हा मात्र नोंदली गेली ती खाजगी कंपनी. निम्मे भाग फ्रान्सचे, चाळीस टक्के त्याचा सहकारी बिल टटल याचे आणि दहा टक्के कागदपत्रं करणाऱ्या वकिलाचे. बारमध्ये बसलेल्या बाकीच्यांच्या वाट्याला काही आलं नाही. पुढे सगळी मालकी फ्रान्स घराण्याकडे गेली. नावात सगळ्यांची संघटना आणि दप्तरात एका घराची मिळकत: पुढच्या जवळजवळ प्रत्येक भांडणाचं मूळ या फटीत आहे, असं मला वाटतं.

पहिलं भांडण पहिल्याच शर्यतीत झालं. १९ जून १९४९, शार्लट. तीन-चतुर्थांश मैलाच्या मातीच्या धावपट्टीवर दोनशे फेऱ्या, ३३ गाड्या. नियम असा की गाडी दुकानातून आली तशीच हवी, फेरफार चालणार नाही. ली पेटी एक ब्यूक घेऊन उतरला आणि ती उलटवून बसला. त्याचा अकरा वर्षांचा मुलगा रिचर्ड हे पाहत होता. टॅलाडेगातून निघून गेलेला पेटी तो हाच. ग्लेन डनअवे १९४७ची फोर्ड घेऊन पहिला आला, तोही तीन फेऱ्यांच्या आघाडीने. मग तपासनिसांनी गाडीखाली डोकावून पाहिलं. मागचे कमानपाटे बदललेले होते. दारूचे कॅन भरल्यावर गाडीचं बूड टेकू नये म्हणून भट्टीवाले करत, तशी ती करामत होती. डनअवे बाद झाला. पहिला क्रमांक आणि दोन हजार डॉलरचं बक्षीस जिम रोपरला मिळालं. रोपर कॅन्ससहून लिंकन चालवत आला होता. शर्यतीची बातमी त्याला वर्तमानपत्रातल्या एका चित्रमालिकेत दिसली, अशी कथा सांगतात.

फोर्डचा मालक होता ह्युबर्ट वेस्टमोरलँड. त्याने नॅसकारवर दहा हजार डॉलरचा दावा लावला. नॉर्थ कॅरोलायनात न्यायमूर्ती जॉन्सन हेज यांच्यापुढे तो चालला आणि फेटाळला गेला. शर्यत भरवणाऱ्याने नियम करावेत आणि राबवावेत, कोर्टाने त्यात पडू नये, असा त्याचा अर्थ निघाला. नॅसकारच्या हाती तेव्हापासून जे शस्त्र आलं ते कुठल्याही धावपट्टीपेक्षा मोलाचं होतं.

याच्या पुढची गोष्ट मला फार बोलकी वाटते. सप्टेंबर १९५० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनला पहिली 'सदर्न ५००' झाली. ही धावपट्टी हॅरॉल्ड ब्रॅझिंग्टन याने शेतजमिनीवर बांधली. जमीन विकणाऱ्याला आपलं माशांचं तळं सोडायचं नव्हतं, म्हणून एक टोक अरुंद ठेवावं लागलं आणि धावपट्टीला अंड्याचा आकार आला. तो आजही तसाच आहे. ७५ गाड्यांत सर्वांत हळू पात्र ठरलेली प्लिमथ घेऊन जॉनी मँट्झ उतरला. इतरांचे टायर उन्हात एकामागून एक फाटत गेले. मँट्झने ट्रकसारखे कडक टायर लावले होते, तो संथ आणि एका लयीत फिरत राहिला आणि नऊ फेऱ्यांच्या आघाडीने जिंकला. गाडीचा मालक म्हणून नाव लागलं ह्युबर्ट वेस्टमोरलँडचं. त्याच्या भागीदारांत एक होता बिल फ्रान्स. वर्षापूर्वीचा वादी आणि प्रतिवादी एका गाडीचे मालक झाले होते, आणि नियम करणारा, तपासणी करणारा माणूस स्वतःच बक्षीस जिंकणाऱ्यांत बसला होता. त्या काळी त्यात कुणाला वावगं वाटलं असेल तर त्याने ते कोर्टात नेलं नाही.

फ्रान्सचा हात जड होता. दुसऱ्या कुणाच्या शर्यतीत भाग घेतलास तर गुण कापीन, असा त्याचा खाक्या. १९५० साली ली पेटीचे ८०९ गुण याच कारणाने कापले गेले, नाहीतर त्या वर्षीचं विजेतेपद त्याचं होतं. १९५५ मध्ये विस्कॉन्सिनहून कार्ल किकहेफर आला. मर्क्युरी बोट-इंजिनांचा हा कारखानदार, पैसा अमाप, स्वभाव तापट. गणवेश घातलेले मेकॅनिक, गाड्या वाहून नेणारे झाकलेले ट्रक, शर्यतीच्या गावच्या हवेच्या नोंदी. असा थाट या खेळाने पाहिलाच नव्हता. त्याच्या क्रायस्लर गाडीतून टिम फ्लॉकने पहिल्याच वर्षी १८ शर्यती जिंकल्या. पुढच्या वर्षी त्याचा संघ सलग सोळा वेळा जिंकला. पुन्हा पुन्हा त्याच्या गाड्यांचे सांधे उघडून तपासणी झाली, आक्षेपार्ह काही निघालं नाही, आणि प्रेक्षक मात्र त्याची गाडी पुढे आली की हुर्यो करायला लागले. १९५६ संपलं आणि दोन वर्षांत दोन विजेतेपदं मिळवलेला तो माणूस निघून गेला तो परतलाच नाही. पैसा ओतून शर्यत जिंकता येते, मान मिळतोच असं नाही, हे त्याला बोचलं असावं.

१९६१ मध्ये कर्टिस टर्नरने ड्रायव्हरांची युनियन करायचं ठरवलं. शार्लटची मोठी धावपट्टी बांधताना तो कर्जात बुडाला होता आणि टीमस्टर्स या बलाढ्य कामगार संघटनेने कर्जाच्या बदल्यात हे काम त्याच्याकडे दिलं होतं. फ्रान्सने टर्नर आणि टिम फ्लॉक दोघांना जन्मभरासाठी बाहेर काढलं. चार वर्षांनी टर्नरची जन्मठेप संपली. दोन लाडके ड्रायव्हर, जो वेदरली आणि फायरबॉल रॉबर्ट्स, १९६४ मध्ये मरण पावले होते आणि स्टँड रिकामे राहायला लागले होते. १९६९ची टॅलाडेगाची ती संघटनाही काही वर्षांत विरून गेली. युनियन असो, संप असो, कोर्ट असो, फ्रान्स प्रत्येक वेळी जिंकला.

त्याची दुसरी बाजू न सांगणं अन्यायाचं होईल. बक्षिसाचा पैसा ठरल्याप्रमाणे मिळू लागला तो याच माणसामुळे. समुद्राच्या वाळूवर होणाऱ्या शर्यती उचलून त्याने डेटोनाला अडीच मैलांची, ३१ अंशांच्या वळणांची धावपट्टी कर्ज काढून बांधली. २२ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली 'डेटोना ५००' झाली. ली पेटी आणि जॉनी बोशँप इतके जवळजवळ रेषेवर आले की छायाचित्रं आणि चित्रफिती तपासून पेटी जिंकल्याचा निकाल द्यायला तीन दिवस लागले. एका घराने इतकी जोखीम घेतली नसती तर भांडायलाही काही उरलं नसतं, असं फ्रान्सचे लोक म्हणतात; त्यात तथ्य आहे.

पण माणसं येत होती ती कशासाठी? १९७६ची डेटोना ५०० घ्या. शेवटच्या वळणात रिचर्ड पेटी आणि डेव्हिड पिअर्सन एकमेकांवर आदळले. पेटीची ४३ नंबरची गाडी रेषेच्या अलीकडे बंद पडली. पिअर्सनने क्लच दाबून इंजिन चालू ठेवलं होतं. चेपलेली २१ नंबरची गाडी बैलगाडीच्या चालीने रेषेपलीकडे गेली आणि जिंकली. ही २१ नंबरची गाडी वुड बंधूंची. व्हर्जिनियातलं स्टुअर्ट हे छोटं गाव, ग्लेन वुड आणि त्याचे भाऊ, १९५० पासूनचा संघ. थांब्यावर टायर बदलणं आणि इंधन भरणं ही एक कला आहे, हे जगाला त्यांनी दाखवलं. १९६५ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये जिम क्लार्क जिंकला तेव्हा त्याच्या गाडीची थांब्यावरची सेवा याच मंडळींकडे होती. लोकांना ४३ कुणाची, २१ कुणाची हे पाठ होतं, आणि बापाने सांगितलेला नंबर मुलगाही पुढे चालवायचा.

चिल्ड्रेसने १९८१ मध्ये स्वतः गाडी चालवणं सोडलं आणि आपल्या ३ नंबरच्या गाडीत डेल अर्नहार्टला बसवलं. ड्रायव्हर म्हणून त्याच्या खात्यावर एकही विजय नव्हता. आपल्यापेक्षा चांगला हात कुठला हे ओळखून उठणं कठीण असतं, आणि तो उठला. अर्नहार्टच्या सात विजेतेपदांपैकी सहा चिल्ड्रेसच्या गाडीतली. १९९८ मध्ये विसाव्या प्रयत्नात अर्नहार्टने डेटोना ५०० जिंकली तेव्हा प्रत्येक संघाची माणसं थांब्याच्या रस्त्यावर रांगेत उभी राहिली, त्याच्याशी हात मिळवायला. १८ फेब्रुवारी २००१ रोजी त्याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत तो गेला. वरच्या दर्जाच्या शर्यतींत चिल्ड्रेसने ३ नंबर तेरा वर्षं वापरला नाही. २०१४ मध्ये त्याने तो नातवाच्या गाडीवर पुन्हा लावला.

आणि तरी ३ नंबर चिल्ड्रेसचा नव्हता. नंबर कुणाचाच नसतो. तो नॅसकारचा असतो, संघाला वापरायला मिळतो. बापाच्या नावाच्या संघात बहुमताचा वाटा मिळेना म्हणून डेल अर्नहार्ट ज्युनियर २००७ मध्ये बाहेर पडला. संघाची मालकी त्याच्या सावत्र आईकडे होती. त्याला ८ नंबर बरोबर नेता आला नाही. लाखो लोकांच्या टोप्यांवर, शर्टांवर असलेला तो आकडा मागे राहिला आणि तो नव्या संघात ८८ घेऊन उतरला. मालक-ड्रायव्हरांत हे होत असताना त्या आकड्याचा खरा धनी तिसराच होता.

पैशाची वाटणी अशी होती. दूरचित्रवाणीचे हक्क विकून जे येई त्यातले ६५ टक्के धावपट्ट्यांना, २५ टक्के संघांना आणि १० टक्के नॅसकारला. वरवर पाहता नॅसकारचा वाटा सर्वांत लहान. पण निम्म्याच्या आसपास शर्यती ज्या धावपट्ट्यांवर होत त्या फ्रान्स घराण्याच्याच कंपनीच्या होत्या, आणि २०१९ मध्ये ती कंपनी नॅसकारमध्येच विलीन झाली. गाड्या बांधणारे संघ मात्र प्रायोजकांच्या जिवावर जगत होते. प्रायोजक गेला की संघ बंद. आणि बंद झालेल्या संघाची किंमत काय? गाड्या, अवजारं, एक शेड. चाळीस वर्षांच्या विजयांना बाजारात भाव नव्हता, कारण पुढच्या रविवारी रांगेत उभं राहण्याचा हक्कच कुणाकडे नव्हता. पेटी घराण्याचा संघ २००९ साली असाच दुसऱ्या संघात विरघळला.

२०१४ मध्ये संघमालक पहिल्यांदा एकत्र आले. त्यातून २०१६ च्या फेब्रुवारीत चार्टर आलं. आपल्या भाषेत याला सनद म्हणावं. ४० गाड्यांच्या शर्यतीत ३६ जागा सनदी, दर रविवारी खात्रीच्या, जास्त पैशाच्या. चार जागा ज्याला वेग दाखवून मिळतील त्याच्या. नॅसकारने सनदा फुकट वाटल्या. निकष असा की २०१३ पासून संघ सर्व शर्यतींना आलेला हवा. वुड बंधूंना सनद मिळाली नाही. पैशाअभावी ते काही वर्षं निवडक शर्यतींनाच येत होते. त्या काळातच, २०११ मध्ये, त्यांनी आपली पाचवी डेटोना ५००ही जिंकली होती. हिशेबात ती धरली गेली नाही. या खेळातल्या सर्वांत जुन्या संघाला पुढे सनद बाजारातून घ्यावी लागली. हे वाचलं तेव्हा मला फार लागलं. जुन्या देवस्थानच्या पालखीच्या भोयांना दर्शनाची रांग लावायला सांगावं, असं काहीसं ते होतं.

सनदेला किंमत मात्र आली. २०२३ मध्ये एका सनदेचा सौदा चार कोटी डॉलरच्या घरात झाल्याचं छापून आलं. पण सनद मुदतीची होती. २०२४ अखेर ती संपणार होती आणि पुढचं नॅसकारच्या मर्जीवर होतं. आपल्याकडच्या इतिहासात मुदतीची नेमणूक आणि वतन यांतला फरक गावोगावच्या माणसांना कळत असे. मुदतीची नेमणूक राबवली जाते. वतन पिढ्यान् पिढ्या सांभाळलं जातं, त्याच्यासाठी माणसं जीव टाकतात. अमेरिकेतले संघमालक दोन वर्षं वाटाघाटींच्या टेबलाशी बसून वतनच मागत होते: सनद कायमची करा, उत्पन्नातला वाटा वाढवा, निर्णयांत आमचं ऐका. याच काळात नॅसकारने २०२५ ते २०३१ साठी ७.७ अब्ज डॉलरचा दूरचित्रवाणी करार केला.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी डेटोनाला वुड बंधूंच्या संघाने शंभरावी शर्यत जिंकली. तेरा दिवसांनी, ६ सप्टेंबरच्या शुक्रवारी संध्याकाळी, सर्व पंधरा संघांना शंभरहून अधिक पानांचा अंतिम मसुदा पोचला. मध्यरात्रीच्या आत सही करा. नाही केलीत तर सनद राहील याची खात्री नाही. वकिलांना नीट वाचायलाही वेळ नव्हता. सुपर बोल जिंकून देणारे प्रशिक्षक म्हणून अमेरिकेत वंदनीय असलेले जो गिब्स त्या रात्री नॅसकारचे त्या वेळचे प्रमुख, बिल फ्रान्सचे धाकटे चिरंजीव जिम फ्रान्स यांच्याशी फोनवर बोलले, विनवलं. उपयोग झाला नाही. तेरा संघांनी सह्या केल्या. त्यात गिब्स होते, वुड बंधू होते, चिल्ड्रेस होता.

दोघांनी केल्या नाहीत. एक '२३ इलेव्हन', म्हणजे बास्केटबॉलचा मायकल जॉर्डन, ड्रायव्हर डेनी हॅमलिन आणि त्यांचा भागीदार कर्टिस पोक यांचा संघ. जॉर्डन नॉर्थ कॅरोलायनात वाढला. लहानपणी वडील त्याला डार्लिंग्टन, रॉकिंगहॅमच्या शर्यती दाखवायला न्यायचे. दुसरा 'फ्रंट रो'चा बॉब जेंकिन्स, उपाहारगृहांच्या धंद्यातला माणूस. त्याच्या संघाने २०२१ची डेटोना ५०० जिंकली, आणि तरी आजवर आपण एकाही वर्षी नफा पाहिला नाही, सुमारे दहा कोटी डॉलर गमावले, असं त्याने पुढे शपथेवर सांगितलं. २ ऑक्टोबर २०२४ रोजी दोघांनी शार्लटच्या संघराज्य न्यायालयात मक्तेदारीविरोधी कायद्याखाली नॅसकार आणि जिम फ्रान्स यांच्यावर दावा लावला.

पुढचं वर्ष कोर्टाच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यात गेलं. खटला चालेपर्यंत सनदा चालू ठेवण्याचा अंतरिम आदेश आधी नाकारला गेला. खटला न्यायमूर्ती केनेथ बेल यांच्याकडे आला आणि १८ डिसेंबरला त्यांनी तो आदेश दिला. जून २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द केला. जुलैत दोन्ही संघांच्या सनदा गेल्या. तेव्हापासून हंगाम संपेपर्यंत ते बिनसनदी धावले, कमी पैशावर. नॅसकारने प्रतिदावाही लावला होता की या मालकांनीच बेकायदा कंपू केला. न्यायमूर्ती बेल यांनी तो फेटाळला.

मग कोर्टाच्या कागदांतून संदेश बाहेर आले. २०२३ मध्ये चिल्ड्रेस नभोवाणीवर दूरचित्रवाणी कराराबद्दल चार शब्द बोलला होता. त्यावर चिडून नॅसकारचे तेव्हाचे अध्यक्ष स्टीव्ह फेल्प्स यांनी सहकाऱ्यांना खाजगीत लिहिलं होतं की हा मूर्ख अडाणी गावंढळ आहे आणि याची सगळी दौलत नॅसकारची देणगी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते जगासमोर आलं. फेल्प्स यांनी चिल्ड्रेसची माफी मागितली. पण शिवीपेक्षा मला दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. टॅलाडेगाच्या त्या रविवारी, सगळे निघून गेले असताना, ज्याने रांग भरून दिली, पुढे ज्याने सहा विजेतेपदं आणली, ज्याच्या ३ नंबरसाठी लोकांनी रडून घेतलं, त्याच्या आयुष्यभराच्या कामाचा हिशेब वरच्या माणसांच्या वहीत 'आम्ही दिलं' असा लिहिलेला होता.

१ डिसेंबर २०२५ रोजी शार्लटला ज्युरीपुढे सुनावणी सुरू झाली. हॅमलिन बोलला, जेंकिन्स बोलला. जो गिब्स यांच्या सूनबाई आणि संघाच्या सहमालक हेदर गिब्स यांनी ती ६ सप्टेंबरची रात्र सांगितली. जॉर्डनने सांगितलं की मी इथं नवा आहे, मला भीती नव्हती, म्हणून मी उभा राहिलो. या वाक्यात जुन्यांच्या मौनाचं उत्तर होतं. जुन्यांना गमवायला बरंच होतं. ऐंशी वर्षांचा चिल्ड्रेसही साक्षीला आला आणि आपल्यापुढे सहीवाचून दुसरा रस्ता नव्हता असं म्हणाला. जिम फ्रान्स, चिल्ड्रेसपेक्षा जेमतेम वर्षाने मोठे, यांनी कायमच्या सनदेला आपला विरोध होता हे मान्य केलं. काळ बदलतो, पैशाचे स्रोत बदलतात, कायमचं वचन देऊन हात बांधून घेता येत नाहीत, अशी त्यांच्या बाजूची मांडणी. फुकट दिलेल्या सनदा आज कोट्यवधींच्या झाल्या, हेही ते सांगत होते. संघांच्या अर्थतज्ज्ञाने नुकसानीचा आकडा ३६ कोटी ४७ लाख डॉलर काढला.

ज्युरीला निकाल द्यावा लागला नाही. नवव्या दिवशी, ११ डिसेंबरला, तडजोड झाली. सनदा कायमच्या झाल्या, खटला लढणाऱ्या दोघांच्याच नव्हे, सही करून गप्प बसलेल्या तेरा संघांच्याही. २३ इलेव्हन आणि फ्रंट रो यांना त्यांच्या सनदा परत मिळाल्या. मायकल जॉर्डन आणि जिम फ्रान्स कोर्टाबाहेर शेजारी शेजारी उभे राहिले आणि वार्ताहरांशी बोलले. स्ट्रीमलाइन हॉटेलमधल्या बैठकीला अठ्ठ्याहत्तर वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस उरले होते.